नावानंतरचा श्वास

मित्रा,

काल तुझा जलदान विधी झाला, संघमित्रा. खुटबावला, तुमच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाजवळ पांढरा मांडव घातला होता. आज मी शिरूरला परत आले आणि वाचनालयाची नदीकडची खिडकी उघडून बसले आहे. घोड नदीच्या घाटावर कुणाचा तरी दहावा चालला आहे. लाऊडस्पीकरवर एका पुरुषाचा आवाज आहे. चांगला आवाज आहे, भरदार. पण गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की तो थांबत नाही, लगेच उपस्थितांच्या नावांकडे वळतो. तू असतीस तर खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळली असतीस. "श्वास घे रे बाबा," म्हणाली असतीस, "नाव खाली तरी बसू दे."

नाव खाली बसू द्यायचं, हे तुझंच. टीव्हीवर बातम्या द्यायला लागलीस त्या वर्षी दिवाळीला घरी आली होतीस तेव्हा मला शिकवलं होतंस. मेलेल्या माणसाचं नाव घेतलं की एक श्वास घ्यायचा आणि मगच पुढचं वाक्य. नाहीतर पुढचं वाक्य त्या नावावर पाय देऊन जातं. मी हसले होते. मला कुठे कुणापुढे नावं वाचायची होती? माझं आयुष्य पुस्तकांना पुठ्ठे घालण्यात आणि शांतता राखा या पाटीखाली बसण्यात जाणार, हे तेव्हाच ठरलेलं होतं.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा बातम्या कुणाला दिल्यास? आमच्या मेंढरांना. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शेवटची मेंढरं होती ती. त्यानंतर त्यांनी काठी ठेवली आणि ऊस लावला. केडगावच्या शाळेतून सायकलींवरून आलो की तू दप्तर टाकून मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, वाघरापाशी, दगडावर चढायचीस आणि कालचा पेपर वाचायचीस. मेंढरं रवंथ करत तुझ्याकडे बघत राहायची. आबा बिडी विझवून म्हणायचे, "पोरी, तुझ्यापुढं मेंढरंबी गप ऱ्हात्यात बघ. हितं आमी बोंबललो तरी ऐकत न्हाईत." तू म्हणायचीस, "आबा, त्यांना बातमी कळती. तुमी नुसत्या शिव्या देताय." आबा इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा. तुझ्या आणि माझ्या घराच्या मध्ये ओढा होता, आणि गावात तो नुसता पाण्याचा मानला जात नव्हता. आबांनी तुला मेंढीच्या दुधाचा चहा पाजला त्या दिवसापासून आपण दोघी तो ओढा न बघता ओलांडायला लागलो. एवढं साधं होतं का ते? तेव्हा वाटलं होतं.

मला सध्या एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं. तोडणीला आलेला ऊस आहे. आत कुठेतरी स्टुडिओचे दिवे लागले आहेत आणि पाती खालून पिवळी दिसतात. तू आत बसली आहेस, कोट घालून, पायात मात्र घरातली चप्पल. कॅमेऱ्याच्या खालचं कुणाला दिसत नाही म्हणून तू खरोखरच तशी बसायचीस, हे मला तूच सांगितलं होतंस. स्वप्नात तू बोलतेस, पण मला फक्त पात्यांचा आवाज येतो. कॅमेऱ्यामागे कुणीतरी आहे. तो समीर आहे हे मला स्वप्नातही माहीत असतं.

समीर खुटबावला एकदाच आला. गुऱ्हाळं सुरू झालेली होती. तुझ्या चॅनेलमध्ये तो बातम्यांच्या चित्रफिती जोडायचा, बंद खोलीत पडद्यापुढे बसून. त्यामुळे उघड्यावर आला की त्याचे डोळे मिचमिचायचे. कढईतली काकवी बघून तो इतका भारावला की गुळव्याला म्हणाला, "काका, मी इथेच राहू का?" गुळव्या म्हणाला, "ऱ्हा की. जाळ घालायला माणूस न्हाईच." आणि तुझा समीर खरंच चुलवणापुढे बसला, चिपाडं ढकलत, चेहरा काळा करून घेत. मग तुझ्या वडिलांबरोबर, आप्पांबरोबर, पत्रावळीवर पिठलं-भाकरी जेवला. माझे आबा तिथे होतेच. त्यांनी विचारलं, "पावणं, लगीन कवा?"

"सुट्टी मिळाली की, आबा."

"आन् सुट्टी कवा?"

"लग्न ठरलं की."

आप्पा खाली मान घालून हसले. दौंडच्या रेल्वेत रुळांवरून चालत आयुष्य काढलेला तो माणूस. त्यांना असं आवाज न करता हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दुपारी समीर चिपाडाच्या ढिगावर झोपला आणि तू त्याच्या उशाशी बसून माश्या वारत होतीस. वाफेमुळे सगळंच पांढुरकं, हलकं झालं होतं. मी मनात म्हटलं, चला, हिचं झालं. तेव्हा तो गोळ्या घेत होता हे तुला माहीत होतं. मला नव्हतं.

हे सगळं तू मला नंतर सांगितलंस, तुकड्यातुकड्याने. रात्रपाळीत जागं राहायला गोळ्या, मग सकाळी झोपायला दुसऱ्या, मग कुणीतरी दिलेली पूड. तू ती बेसिनमध्ये ओतलीस. तो रडला. उपचार केंद्रातून गुबगुबीत होऊन परत आला, स्वयंपाक करायला लागला, तुला डबा द्यायला लागला. तू म्हणालीस, "ते दिवस इतके चांगले होते की मला भीती वाटायची." आणि मग एका सकाळी तू पहाटेचं बातमीपत्र करून खराडीच्या फ्लॅटवर आलीस, तेव्हा तो मोरीच्या दारात गार पडलेला होता.

त्याच्या घरचे आले आणि त्याला घेऊन गेले. तू बायको नव्हतीस. ऑफिसातल्या लोकांच्या घोळक्यात तू त्यांच्या घराच्या फाटकाबाहेर उभी राहिलीस. त्याच्या घरच्यांनी हृदयविकाराचा झटका सांगितला, आणि कुणाला तोंड असतं तेव्हा वेगळं बोलायला? चॅनेलने संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटी आपल्या सहकाऱ्याला श्रद्धांजली द्यायची ठरवली. दुसऱ्या कुणालातरी बसवतो, म्हणाले होते. तू म्हणालीस, मीच वाचते. मी शिरूरला घरात टीव्हीसमोर उभी होते. त्याचं नाव घेतलंस, श्वास घेतलास आणि पुढचं वाक्य वाचलंस: "हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आज निधन झाले." एक शब्द हलला नाही. मी मनात म्हटलं, काय बाई आहे ही. पुढे कितीतरी महिन्यांनी तू म्हणालीस, "रेखे, त्या दिवशी मी आजारी पडले. त्याच्या जाण्याने नाही. त्या वाक्याने."

त्यानंतर जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राने फोनवर पाहिलं. बातमी साधी होती. कुठल्यातरी पार्टीत नशेमुळे एक मुलगा गेला होता. तू त्याचं नाव वाचलंस आणि थांबलीस. पडद्यावर तुझा चेहरा, खाली सरकणारी अक्षरं, आणि तू थांबलेलीच. लोकांनी त्या थांबण्याला गाणी लावली, विनोद जोडले. मला तू एवढंच म्हणालीस, "मी नेहमीसारखी श्वासापुरतीच थांबले होते. पुढचं वाक्य माझ्याकडे आलंच नाही." तुला आधी सकाळच्या पाककृतींवर टाकलं, मग पडद्याआड, मग घरी.

खुटबावला तुला राहवेना. दारात येणारा प्रत्येकजण आधी तुझ्याकडे आणि मग स्वतःच्या फोनकडे बघायचा. मी वाचनालयामागची खोली तुला मिळवून दिली. तू माझ्याकडे आलीस आणि बाटलीही आली. ती लपवायची धडपड तू केली नाहीस, याबद्दल मी तुझी आभारी आहे. ग्रंथपाल माणसाला लपवलेलं शोधायची सवय असते. तू मला ते काम लावलं नाहीस.

घाटावर बोलायला तुला पहिल्यांदा कुणी नेलं ते मला आता आठवत नाही. कुणा सरपंचाच्या आईचा दहावा होता, नेहमीचा निवेदक आला नव्हता आणि कुणाला तरी आठवलं की टीव्हीवाल्या मॅडम गावातच राहतात. तुला वाटलं नव्हतं ते तुला बोलावतील. मलाही नाही. पण आपल्याकडे दहाव्याला माईक लागतोच. प्रवचन होतं, पुढारी श्रद्धांजली वाहतात, आणि त्या सगळ्यांना कुणीतरी बांधून ठेवावं लागतं. तू गेलीस आणि मी पुस्तकं लावता लावता थांबले. पाण्यावरून तुझा आवाज येत होता. स्टुडिओतला नव्हे, दगडावर उभं राहून मेंढरांना बातम्या देणारा. नाव, श्वास, आणि मग एखादी साधी गोष्ट: म्हातारी कसली भाजी छान करायची, कुणाला हाक मारायची. वाचनालयात पेपर वाचायला येणारे निवृत्त लोकसुद्धा मान वर करून ऐकायला लागले. त्यांच्यातले एक म्हणाले, "आपल्या वेळेला ह्याच बाईंना सांगून ठेवा बरं का." दुसरे म्हणाले, "आधी नंबर लावा, अण्णा. मी मोठाय तुमच्यापेक्षा."

मित्रा, त्या अनोळखी माणसांनी तुला जगवलं. सकाळी घाटावर जायचं म्हणून तू आदल्या संध्याकाळपासून पीत नव्हतीस. केस धुवायचीस. पांढरी साडी स्वतः इस्त्री करायचीस. मी खिडकीत बसून तुझ्या आवाजावरून ओळखायचे की आज हात थरथरत आहेत की नाहीत. काही सकाळी तो इतका स्वच्छ यायचा, की मला वाटायचं, नदी अशीच वाहत राहो आणि रोज कुणीतरी म्हातारं होऊन सुखाने जात राहो. असं वाटणं चांगलं नाही. पण वाटायचं.

मग आकाशचा दहावा आला. रांजणगावच्या कंपनीत कामाला असलेला तरुण मुलगा. घरच्यांनी हातात दिलेल्या चिठ्ठीत नेहमीचं होतं, अल्पशा आजाराने. आपल्याकडे सगळेच अल्पशा आजाराने जातात. वर्षानुवर्षं खाटेवर असलेलेसुद्धा. त्या दिवशी तू नाव घेतलंस आणि थांबलीस. फार थांबलीस. मी खिडकीपाशी आले. मग तुझा आवाज आला, "अल्पसा आजार नव्हता. गोळ्या होत्या. माझ्याही घरात होत्या." पुढे खरखर झाली. कुणीतरी वायर ओढली होती.

दुसऱ्या दिवशी आकाशची आई वाचनालयात आली. चप्पल बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन.

"कुठंय ती टीव्हीवाली?"

तू पेपरांच्या टेबलापाशी होतीस. उठलीस.

"माझ्या पोराची चारचौघांत आब्रू काढलीस. तुला कुनी सांगितलं हुतं?"

"कुणी नाही, मावशी."

"मग?"

"माझा पण असाच गेला."

"कोन? नवरा?"

"नवरा नव्हता."

बाई तुझ्याकडे बघत राहिली. पेपरवाले निवृत्त लोक पेपराआड गेले. मी चहा आणला. तिने तो बशीत ओतून प्यायला आणि विचारलं, "नाव काय त्याचं?"

"समीर."

"रडलीस का कुनापाशी?"

तू टेबलावरचे पेपर एकावर एक रचलेस. ती उठली. दारात चप्पल घालताना वळून म्हणाली, "पर तुजं चुकलंच, बाय." आणि गेली.

त्या संध्याकाळी आपण भांडलो. खरं तर मी भांडले, हळू आवाजात, कारण मला दुसरं येत नाही. मी म्हणाले, ती बरोबर बोलली. कुणी कशाने गेलं ते ज्याचं त्याने सांगावं. दुसऱ्याच्या मरणाचं झाकण तू काढायचं नाही. तू म्हणालीस, "तू पुस्तकातली सगळी मरणं उघडून वाचतेस आणि गावातली झाकतेस."

"पुस्तकातल्या माणसांच्या आया वाचनालयात येत नाहीत, मित्रा."

"बरं. ज्याचं त्याने सांगावं. आणि जो मेलाय त्याने कसं सांगायचं?"

तू पुन्हा विचारलंस. मी दिवा लावायला उठले. मला आजही वाटतं की आकाशबद्दल माझं बरोबर होतं. आणि आजही वाटतं की तुझ्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं.

त्यानंतर घाटावरून बोलावणं आलं नाही. तुझ्या सकाळी रिकाम्या झाल्या आणि मग त्याही बाटलीने भरल्या. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तुला ते दृश्य कधीच आवडलं नसतं. डोळे पिवळे झाले तेव्हा आप्पा येऊन तुला दौंडच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी भेटायला यायचे तेव्हा खिडकीतून गाड्यांचा आवाज यायचा. तू डोळे मिटून सांगायचीस, ही मालगाडी, ही थांबणारी, ही नाही थांबणार. आप्पांनी लहानपणी शिकवलेलं. शेवटच्या भेटीत तू म्हणालीस, "माझ्या वेळेला तू बोल."

"माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही."

"आवाजाचं माईक बघेल. तू थांबशील ना, ते बघ."

मी विचारायला हवं होतं की काय बोलू. तू सांगायला हवं होतंस. पण एक गाडी आली, थांबणारी, आणि आपण दोघी ती थांबेपर्यंत ऐकत राहिलो.

काल सकाळी तुझ्या संदीपदादाने मला चुलीमागे बाजूला घेतलं. "रेखाताई, तुम्ही शिकलेल्या आहात. बोला, चांगलं बोला. फक्त अल्पशा आजारानं एवढंच म्हणा. आमच्या सोनीचं बघायचं चाललंय. आधीच तो व्हिडिओ." त्याचे डोळे सुजले होते. तो लबाड नाही, मित्रा, तू जाणतेस. तो बाप आहे आणि भाऊही आहे, आणि काल त्याला दोन्ही व्हायचं होतं. मी मान हलवली. ती हो म्हणायला हलवली की नुसतीच, मला स्वतःला कळलं नाही.

मग वंदना झाली. तसबिरींपुढच्या मेणबत्त्या वाऱ्याने वाकत होत्या. आप्पा तांब्यातून वाटीत पाणी ओतत होते आणि वाटी काठोकाठ भरून पाणी ताटात पसरत होतं. भंतेजींचे शब्द, पाण्याची धार, मागे उसाची सळसळ; मला क्षणभर वाटलं मी त्या स्वप्नातच आहे आणि आता पात्यांमधून दिवे लागतील. तुझ्या फोटोत तू टीव्हीवर असतानाचा चेहरा होता. खालची चप्पल नव्हती.

मला बोलवायच्या आधी मी आप्पांजवळ जाऊन बसले. ते ओले हात धोतराला पुसत होते. म्हणाले, "संद्या काय म्हनला ते मला ठावं हाय. त्याचं बी खरं हाय." मग तांब्या बाजूला ठेवत, "ती खोटं वाचून आजारी पडली, रेखा. आता तिच्यावर आनिक नगं वाचू."

मी उठायला लागले तर त्यांनी माझा पदर धरला. "आन् त्या पोराचं बी नाव घे. माझ्यासंगं जेवल्याला हाय त्यो."

मी माईकसमोर उभी राहिले. स्वतःचा आवाज मांडवाच्या चारही कोपऱ्यांतून ऐकू येणं फार विचित्र असतं. तू हे आयुष्यभर कसं केलंस? मी म्हणाले की जिचं मरण तिनेच सांगावं असं मी मानते, आणि तिने मला बोलायला सांगितलं आहे म्हणून मी तिच्या वतीने सांगते. संघमित्रा दारूने गेली. तिच्याआधी समीर नावाचा तिचा माणूस नशेने गेला, आणि तो झटक्याने गेला असं तिला वाचावं लागलं. दोघंही वाईट नव्हती. तो गुऱ्हाळावर जाळ घालत होता. ती मेंढरांना बातम्या देत होती.

शेवटच्या वाक्याला आबा मोठ्याने हुंदका देऊन रडले. संदीपदादा मांडवाबाहेर गेला. मला वाटलं संपलं, तो मला कधी माफ करणार नाही. थोड्या वेळाने तो पाण्याची घागर घेऊन आत आला आणि ओळीने लोकांना पाणी वाढायला लागला. माझ्यापाशी आला तेव्हा वर बघितलं नाही, पण पेला भरून दिला. पुढचं मला माहीत नाही. सोनीचं काय होईल तेही नाही. तुझं ऐकलं की त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी पडते, हे मी तुला तेव्हाही म्हणाले होते. आपलं भांडण मिटलेलं नाही.

पाणी यायच्या आधीच, मी माईक ठेवणार तेवढ्यात बायकांच्या मागच्या ओळीतून एक बाई उठली. डोक्यावर पदर. लोकांमधून वाट काढत पुढे आली. आकाशची आई. रांजणगावहून एवढ्या लांब ती कशी आली, तिला कुणी कळवलं, मी विचारलं नाही. ती माझ्या कानाशी आली. तोंडाला चुना-तंबाखूचा वास होता. माईक चालूच होता, त्यामुळे ती जे म्हणाली ते सगळ्या मांडवाने ऐकलं.

"माझ्या आकाशचं बी घ्या नाव. कशानं गेला त्ये बी घ्या. मी सांगती म्हनून घ्या."

मित्रा, मी सांगितलं. आणि मग तिन्ही नावं पुन्हा घेतली. समीर. आकाश. शेवटी तुझं.

आणि थांबले.